आधी फडकं बंद, मग मशीन

सिंहगड रोडच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. त्यांची काळी सेडान पाच वर्षांची आहे. सोसायटीत गाड्या पुसायला येणारा मुलगा रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकतो आणि रविवारी बादलीभर पाण्याने गाडी पुसतो. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली गेलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात. डिटेलिंगवाल्याने १४ हजार सांगितले. दीर म्हणतात, "माझ्याकडे ग्राइंडर आहे, त्याला स्पंजचं पॅड लावून देतो, एका दुपारचं काम." ताईंना दिवाळीच्या सुट्टीत हे स्वतः करायचंय. पुढचा डावा दरवाजा गेल्या वर्षी घासला होता, तो रंगवून घेतलेला आहे. नंतर सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा कडक संरक्षक थर) करावं का आणि गाडीवर कव्हर घालावं का, असंही त्यांनी विचारलंय.

ताई, काम घरी होण्यासारखं आहे. दोन पूर्ण दिवस लागतील. पण दिरांच्या ग्राइंडरला नाही म्हणा, आणि ते आत्ताच सांगून टाका, म्हणजे ऐन दिवाळीत वाद नको. लोखंड कापायचा साधा ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. रंगावर चालवायचं रोटरी पॉलिशरसुद्धा हजार-दोन हजार फेऱ्यांत काम करतं, आणि तेही सरावलेल्या हातात. ग्राइंडरवर स्पंज लावून बॉनेटच्या कडेला टेकवला, तर रंग जळायला काही सेकंद पुरतात.

तुम्हाला हवं आहे ते ड्युअल ॲक्शन पॉलिशर. बाजारात त्याला नुसतं 'डीए' म्हणतात. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात हलतं, त्यामुळे एकाच जागी उष्णता साचत नाही. जास्त दाबलं तर पॅड फिरायचं थांबतं, आणि नवख्या माणसाला हेच वाचवतं. ८ ते १५ मिलिमीटर थ्रो (पॅड ज्या छोट्या वर्तुळात हलतं त्याचा व्यास), १२५ मिलिमीटरची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर चिकटतं ती चकती) आणि १ ते ६ चा स्पीड डायल एवढं बघून घ्या. ७०० ते ९०० वॉटचं मशीन ४ अँपिअरपेक्षा कमी घेतं, म्हणजे पार्किंगमधलं साधं सॉकेट चालतं. मात्र ते कॉमन मीटरवर असेल, तर सोसायटीला आधी विचारून घ्या.

आता चरे नेमके काय आहेत ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. ते मुळात गोल नसतात. फडकं जसं फिरेल तशा सगळ्या दिशांनी बारीक ओरखडे पडलेले असतात. त्यांतले जे दिव्याच्या किरणांना आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. हे ओरखडे काळ्या रंगात नसून त्यावरच्या पारदर्शक थरात, क्लिअर कोटमध्ये आहेत. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यावरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा पातळ. पॉलिश करणं म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत हा थर घासून खाली आणणं. बारीक पॉलिशने एखादा मायक्रॉन जातो, जड कंपाउंडने (पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट) दोन ते चार. ऊन अडवणारी द्रव्यंही याच थरात असतात. गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून सात-आठ मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नये, नाहीतर काही वर्षांत टपावर पांढरट पापुद्रे सुटायला लागतात.

म्हणून मशीन विकत घ्यायच्या आधी सकाळचं कोरडं फडकं बंद करा. त्या मुलाची कमाई बंद करू नका, फक्त काम बदला. काचा, टायर, आतले मॅट त्याच्याकडे राहू द्या आणि रंगाला हात लावू नको असं त्याला समजावून सांगा. रात्रभर बसलेली धूळ, त्यात शहरभर चाललेल्या खोदकामाची आणि सिमेंटची बारीक कच, ती कोरड्या फडक्याखाली रगडली की रोज नवे चरे पडतात. हे चालूच राहिलं, तर दिवाळीत काढलेले चरे संक्रांतीला परत दिसतील, आणि दर वेळी घासायला क्लिअर कोट उरणार नाही.

पुण्यात पाइप लावून गाडी धुणं बहुतेक सोसायट्यांत चालत नाही, आणि टँकरच्या दिवसांत ते शोभतही नाही. त्यावर रिन्सलेस वॉश, म्हणजे पाण्यात मिसळून पुसायचं आणि नंतर धुवावं न लागणारं द्रव, हा चांगला उपाय आहे. १:२५६ प्रमाणाचं असेल तर १० लिटर पाण्यात ४० मिली घाला. आधी पंपाने तेच पाणी एका पॅनेलवर फवारा, मिनिटभर थांबा, मग भिजलेलं मायक्रोफायबरचं फडकं एका सरळ रेषेत, दाब न देता ओढा आणि प्रत्येक ओढीला नवी घडी घ्या. अख्खी गाडी एका बादलीत होते. चिखलाने लडबडलेली असेल तर मात्र आधी साधं पाणी मारावंच लागतं. एक गोष्ट कटाक्षाने टाळा : आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरू नका. बरेच जण पाणी वाचवायला ते वापरतात, हेतू चांगलाच आहे, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते वाळलं की रंगावर पांढरे ठिपके धरतात. फरशी पुसायला ते ठेवा.

खरेदीला नाना पेठ आणि बोहरी आळी या दोन ठिकाणी बरंच काही होईल. पॅड आणि कंपाउंड ऑनलाइनही मिळतात. मध्यम कापणारे फोमचे पॅड चार, फिनिशिंगचे मऊ पॅड तीन, शक्य असेल तर ७५ मिलिमीटरची छोटी प्लेट आणि तिचे दोन पॅड. पॅडच्या रंगावरून अंदाज बांधू नका, प्रत्येक कंपनीचा रंगसंकेत वेगळा असतो, पाकिटावर कटिंग की फिनिशिंग ते वाचा. एक मध्यम कंपाउंड आणि एक फिनिशिंग पॉलिश, दोन्ही २५० मिली. सेडानला यात भागून उरतं. मेनझेर्ना, थ्रीएम, मेग्वायर्स यांपैकी कोणतंही चालेल, फक्त दोन्ही बाटल्या एकाच कंपनीच्या घ्या. शिवाय ३५०-४०० जीएसएमची (दर चौरस मीटरला इतकी ग्रॅम जाडीची) दहा-बारा मायक्रोफायबर फडकी, मास्किंग टेप, क्ले बार (रंगात रुतलेले कण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा), आयर्न रिमूव्हर (लोखंडी कण विरघळवणारं द्रव), एक प्रखर एलईडी टॉर्च, धुळीचा मास्क आणि चष्मा. ओढणी बाजूला ठेवा, केस घट्ट बांधा, केबल खांद्यावरून मागे टाका.

पहिल्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, सगळी तयारी. गाडी नीट धुऊन घ्या. ओल्या रंगावर तळहात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हलकेच फिरवा. नुसत्या हाताला न जाणवणारा खरखरीतपणा पिशवीतून लगेच कळतो. तो ब्रेकच्या लोखंडी कणांचा, सिमेंटचा, झाडाच्या चिकाचा असतो. आयर्न रिमूव्हर फवारा. लोखंड असेल तिथे तीन-चार मिनिटांत जांभळे ओघळ येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, घाबरू नका. वाळू न देता धुऊन टाका. मग क्ले बार भरपूर साबणपाणी मारून, सरळ रेषेत, अगदी हलक्या हाताने फिरवा. तो जमिनीवर पडला तर फेकून द्या. त्यात रुतलेला एक खडा बॉनेटभर रेघा ओढेल. ही पायरी गाळली तर तेच कण पॉलिशिंगच्या पॅडमध्ये अडकून रंगावर डुकराच्या शेपटीसारखे वळसे उठतात.

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, थंड पॅनेलवर ओलं फडकं मिनिट-दोन मिनिटं टेकवून ठेवा आणि धुऊन टाका. तरीही उरले, तर क्षारांनी क्लिअर कोटला खळगे पाडलेत, ते पॉलिशनेच कमी होतील. पक्ष्यांच्या किंवा वटवाघळांच्या विष्ठेचे खोल डाग कधी कधी पूर्ण जातच नाहीत. ते पुसट झाले की तिथेच थांबा. नखाने चाचपून जो ओरखडा अडकतो, त्याचंही तेच : तो पॉलिशने जाणार नाही, त्याच्या मागे लागू नका.

आता टेप. रबराचं बीडिंग, काळं खरखरीत प्लॅस्टिक, लोगो, दिव्यांच्या कडा झाकायच्याच, कारण कंपाउंड खरखरीत प्लॅस्टिकमध्ये बसलं की पांढरं पडतं आणि ब्रशने घासूनही सहज निघत नाही. पण त्याहून महत्त्वाच्या आहेत पत्र्याच्या कडा : बॉनेटची धार, दरवाजाची कड, बाजूने जाणारी उंच रेघ. रंग मारताना तो कडेवरून ओघळतो, म्हणून तिथे थर सगळ्यांत पातळ. सगळ्या कडांवर अर्धा इंच टेप लावा.

रंगवलेल्या दरवाजाबद्दल थोडं सविस्तर. शक्य असेल तर जुन्या गाड्या तपासणाऱ्या एखाद्या माणसाकडून किंवा डिटेलिंगवाल्याकडून जाडी मोजण्याच्या मीटरने सगळे पॅनेल मोजून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. बाकीची गाडी १२० दाखवत असेल आणि दरवाजा २०० च्या वर, तर तो दुहेरी रंग. ३००-४०० च्या पुढे गेला तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. जाड दिसतो म्हणून तो दरवाजा बिनधास्त घासायचा नाही. मीटर सगळे थर मिळून मोजतो, त्यातला क्लिअर कोट किती ते सांगत नाही. गॅरेजमधला रंग कारखान्याच्या भट्टीत भाजलेल्या रंगापेक्षा बहुधा मऊ असतो, त्यामुळे तिथे फिनिशिंग पॉलिशने सुरुवात करा. बंपर प्लॅस्टिकचे असल्यामुळे मीटर तिथे चालत नाही. प्लॅस्टिक उष्णता पसरवतही नाही, म्हणून बंपरवर दाब निम्मा आणि वेग एक घर कमी.

दुसऱ्या दिवशी गाडी सावलीत, बेसमेंटमध्ये असेल तर उत्तम. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतची पुण्याची हवा या कामाला फार चांगली. एप्रिल-मेमध्ये करायची वेळ आली तर सकाळी साडेसहाला सुरू करून दहाला थांबावं. पत्रा हाताला गरम लागत असेल तर कंपाउंड पसरायच्या आत वाळतं.

सगळ्यात आधी बॉनेटवर ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा एक चौकोन टेपने आखा. हा चाचणीचा चौकोन, आणि अख्ख्या कामात सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा हीच. सौम्य जोडीने सुरू करा : मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश. चरे तेवढ्याने गेले तर गाडीभर तेच वापरा, कंपाउंड उघडूच नका. ते पुरलं नाही, तर मध्यम पॅडवर तेच पॉलिश. तेही पुरलं नाही, तरच मध्यम पॅडवर कंपाउंड. ८० टक्के चरे गेले की समाधान माना, उरलेल्या २० टक्क्यांसाठी जितका थर जातो, तेवढ्या मोलाची ती जास्तीची चमक नाही.

पॅड नवं असेल तर पहिल्यांदा त्यावर बोटाने कंपाउंड चोळून पृष्ठभाग ओला करून घ्या, मग हरभऱ्याएवढे चार थेंब. पुढच्या प्रत्येक चौकोनाला तीन थेंब पुरतात. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवा, मग चालू करा. उचलायच्या आधी बंद करा, नाहीतर भिंतीपर्यंत शिंतोडे जातात. वेग १ वर ठेवून कंपाउंड चौकोनभर पसरा, मग डायल ४ किंवा ५ वर न्या. आडव्या ओळी मारा, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढलेली. एक आडवी फेरी, एक उभी फेरी, अशा एकूण चार, फार तर सहा फेऱ्या. ४५ सेंटिमीटर जायला १० ते १२ सेकंद लागले पाहिजेत. इथे बहुतेकांचा हात घाई करतो, आणि मग कंपाउंड वाईट आहे अशी तक्रार होते.

दाब किती, हे वाचून कळत नाही, म्हणून घरातला वजनकाटा घ्या. मशीन बंद ठेवून पॅड काट्यावर टेकवा आणि काटा साडेतीन-चार किलो दाखवेपर्यंत दाबा. हाताला तेवढा जोर लक्षात राहू द्या. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. मशीन चालू असताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. रेघ एका जागी थरथरत असेल, तर पॅड फिरत नाही, नुसतं हलतंय, आणि रंगावर काहीच होत नाही. बहुतेक वेळा कारण म्हणजे मशीन तिरकं धरलंय किंवा वळणदार भागावर जास्त दाबलंय.

चौकोन झाला की पुसा, आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं एक भाग आणि पाणी चार भाग, फडक्यावर मारून पुसा. कंपाउंडमधलं तेल ओरखड्यांत भरून बसतं आणि गाडी आरशासारखी दिसते. दोन धुण्यांत तेल निघालं की चरे परत हजर. अल्कोहोलने पुसल्यावर टॉर्च तिरकी धरून जे दिसेल तेच खरं. रस्त्यावर स्वस्तात 'रबिंग पॉलिश' करून मिळतं त्याची चमक अशीच चार दिवसांची असते.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. घासून निघालेला क्लिअर कोट आणि वाळलेलं कंपाउंड त्यातच अडकलेलं असतं. दोन-तीन पॅनेलनंतर पॅड बदला. सलग वापरलेलं पॅड मधोमध तापतं आणि वेलक्रोचा गोंद सुटून पॅड निघून येतं. बॉनेटचे सहा चौकोन, टपाचे सहा, डिकीचे तीन, चार दरवाजांचे बारा, चारी फेंडरचे आठ, असे पस्तीसच्या आसपास होतात. पुसणं-झाडणं धरून एकेका चौकोनाला सात मिनिटं धरली तर चार तास. कंपाउंडनंतर फिनिशिंगची फेरी करावी लागली तर आणखी तीन.

काळ्या गाडीवर ती बहुधा लागेलच. कंपाउंडनंतर रंग उन्हात किंचित धुरकट दिसतो. ते चरे राहिलेले नसतात, पॅडनेच उठवलेली अतिसूक्ष्म धूसरता असते. मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश, वेग ३-४, दाब फक्त मशीनच्या वजनाचा, चार फेऱ्या.

काम बिघडायला लागलं की खुणा दिसतात. पांढरी भुकटी उडत असेल तर पॅड कोरडं किंवा पत्रा गरम. कंपाउंड चिकट होऊन पुसताना ओढ लागत असेल तर थेंब जास्त झाले किंवा रंग मऊ आहे. थोडं नवं कंपाउंड पसरून त्यावरच एक फेरी मारा, ओरबाडून काढू नका. आणि पॅडवर काळा रंग दिसला, तर मशीन ताबडतोब बंद. तुमच्या गाडीवर क्लिअर कोट आहे, त्यामुळे पॅडवर गाडीचा रंग येणं म्हणजे तो थर तिथे संपला. यावर पॅनेल पुन्हा रंगवण्याशिवाय उपाय नाही. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या साध्या रंगाच्या गाड्यांवर मात्र पॅड रंगतंच, तिथे ते धोक्याचं नसतं.

सिरॅमिक कोटिंग यंदा करू नका असं आमचं स्पष्ट मत. त्याने चरे पडायचे थांबत नाहीत, पाणी आणि घाण चिकटणं कमी होतं एवढंच. ते लावताना दीड-दोन मिनिटांत पुसलं गेलं नाही तर डाग पक्का बसतो आणि पॉलिश करूनच काढावा लागतो. लावल्यावर २४ तास पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, आठवडाभर साबण नाही. सध्या फवारून पुसायचं पॉलिमर सीलंट लावा. चार-सहा महिने टिकतं, संपलं की अर्ध्या तासात परत लावता येतं. कार्नोबा वॅक्स दिसायला अतिशय देखणं, पण पुण्याच्या उन्हात महिना-दोन महिन्यांवर जात नाही. वर्षभर नीट धुण्याची सवय टिकली आणि नवे चरे दिसले नाहीत, तर पुढच्या दिवाळीत सिरॅमिकचा विचार करा.

कव्हरचं म्हणाल, तर छताखालच्या पार्किंगमध्ये त्याची गरज नाही. धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलतं आणि सकाळचं फडकं करतं तेच दिवसभर करत राहतं. पावसाळ्यात ओलं कव्हर दिवसेंदिवस गाडीवर राहिलं तर दमट होऊन डाग धरतात. उघड्यावर लावावीच लागत असेल तर मऊ अस्तराचं घ्या, फक्त नुकत्याच धुतलेल्या, कोरड्या गाडीवर घाला आणि पोटाखालचा पट्टा घट्ट ओढा म्हणजे ते फडफडणार नाही. काढताना बाहेरची धुळकट बाजू बाहेरच्याच बाजूवर दुमडा आणि अस्तर जमिनीला लागू देऊ नका.